पाचशे पाच मायक्रॉन

“मावशी, स्माइल की कॉन्टुरा?”

भाचीचा मेसेज रात्री उशिरा आला, सोबत चष्मा घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियांच्या एका रेटकार्डाचा फोटो. सगळ्यात वर पीआरके, मग साधं लॅसिक, मग ब्लेडलेस लॅसिक, कॉन्टुरा, स्माइल, स्माइल प्रो. खाली जाल तशी किंमत चढत गेलेली. वरच्या ओळीत गरिबांची शस्त्रक्रिया, तळाशी लाखाच्या पुढची. तिला माझ्याकडून एका शब्दाचं उत्तर हवं होतं. आमच्या घरात डोळ्यांविषयीचे प्रश्न माझ्याकडे वळवले जातात, कारण सगळ्यांत जाड काच माझी. चौथीत असताना चष्मा लागला, दहावीपर्यंत नंबर उणे साडेआठ झाला, आणि शाळेत माझं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं. बाकी सगळ्यांसाठी मी ढापणीच होते.

मी एका शब्दात उत्तर दिलं नाही. ते कार्डच मला पटलं नव्हतं. त्यात सगळ्या पद्धती स्वस्त ते महाग अशा एका ओळीत मांडल्या होत्या, म्हणजे वाचणाऱ्याने आपली ऐपत पाहायची आणि जमेल तितकं खाली उतरायचं. या पद्धतींमध्ये फरक आहेत, आणि चांगले मोठे आहेत, पण ते पायऱ्यांचे फरक नाहीत. ते समजायला आधी डोळ्याच्या पुढच्या काचेची जाडी माहीत हवी.

ही काच म्हणजे कॉर्निया. मध्यभागी तिची सरासरी जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच मापात मोजतात) धरली, तर त्यातले ४३ या एवढ्याशा थराच्या वाट्याचे. आतल्या भिंगाला आपण उगाच जास्त मान देतो. कॉर्नियात रक्तवाहिनी नसते, नाहीतर आरपार दिसलंच नसतं. तिला लागणारा प्राणवायू ती अश्रूंच्या थरातून, थेट हवेतून घेते. सगळ्यात वर ५० मायक्रॉनची पेशींची त्वचा, तिला एपिथेलियम म्हणतात. ती खरवडली गेली तर चार-पाच दिवसांत पुन्हा येते. तिच्याखाली एक पातळ चिवट थर, आणि त्याखाली स्ट्रोमा. कॉर्नियाची जवळजवळ नव्वद टक्के जाडी या स्ट्रोमाची. कोलॅजनचे धागे एकावर एक शिस्तीत रचलेले असतात. हा स्ट्रोमा एकदा गेला की परत येत नाही.

रेटकार्डावरच्या सगळ्या शस्त्रक्रिया शेवटी हेच करतात: स्ट्रोमाचा थोडा भाग काढून टाकतात. लांबचं न दिसणाऱ्याच्या, म्हणजे उणे नंबरवाल्याच्या कॉर्नियाचा मधला भाग चपटा केला की प्रकाश पडद्यावर नीट पडतो. किती काढायचा त्याचं गणित सोपं आहे. साडेसहा मिलिमीटर व्यासाचा भाग सुधारायचा असेल, तर एका डायॉप्टरला ढोबळमानाने १४ मायक्रॉन. उणे दोन असेल तर २८, उणे पाच असेल तर ७०. महागड्या यंत्राने काढलं म्हणून हा हिशेब फारसा कमी होत नाही. मग फरक कुठे येतो? त्या स्ट्रोमापर्यंत पोचायचं कसं आणि पोचताना वाटेत काय कापायचं, यात.

पीआरकेची वाट सगळ्यात सरळ. वरची त्वचा काढायची, उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर लेसर चालवायचा, वर एक मऊ कॉन्टॅक्ट लेन्स पट्टीसारखी ठेवायची आणि त्वचा पुन्हा येण्याची वाट पाहायची. त्वचा काढायला पूर्वी पातळ अल्कोहोल वापरत, काही ठिकाणी अजूनही वापरतात. ते काही सेकंद ठेवलं की ती दुधावरच्या सायीसारखी बाजूला सरते. आता तेही काम लेसरच करतो, त्याला ट्रान्स पीआरके म्हणतात. कुठेही खोल काप नाही, पापुद्रा नाही. पण उघड्या मज्जातंतूंचं काही दिवस जे होतं ते होतं.

ही पद्धत कशी जन्मली ती हकिगत मला फार आवडते, त्यामुळे जरा थांबते. न्यूयॉर्क राज्यात यॉर्कटाउन हाइट्स इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रासहून गेलेले रसायनशास्त्रज्ञ, सॅम्युएल ब्लम आणि जेम्स विन या सहकाऱ्यांबरोबर एक्सायमर लेसरवर काम करत होते. १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. प्लॅस्टिकवर त्याने कोरलं की कडा स्वच्छ येत, आजूबाजूला जळल्याची खूण नसे. हा प्रकाश जाळत नाही, रेणूंमधले बंधच तोडतो आणि सुटलेला भाग वाफेसारखा उडून जातो. जिवंत ऊतीवर असंच होईल का, हा प्रश्न होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगची मेजवानी झाली आणि दुसऱ्या दिवशी श्रीनिवासन टर्कीचा उरलासुरला तुकडा प्रयोगशाळेत घेऊन आले. हाडावर, कूर्चेवर लेसर मारला. कडा तशाच स्वच्छ आल्या. पुढे त्यांनी माणसाच्या एका केसावर खाचा कोरून दाखवल्या, त्याचा सूक्ष्मदर्शकातला फोटो जगभर फिरला. १९८३ साली कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्याबरोबर हे कॉर्नियावर करून पाहिलं. १९८८ मध्ये मार्गरीट मॅक्डोनल्ड यांनी माणसाच्या दिसत असलेल्या डोळ्यावर पीआरके केलं, आणि १९९५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याला परवानगी दिली. उरलेल्या जेवणाचं काय करावं हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक सणाच्या दुसऱ्या दिवशी असतो. फोडणी देण्यापलीकडे आपल्याला काही सुचत नाही.

त्याआधी सुरी होती. मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे काप देत. त्या कापांनी कडा सैल पडायची आणि मधला भाग आपोआप चपटा व्हायचा. त्यांच्या संस्थेत रुग्णांचे पलंग कारखान्यातल्या पट्ट्यावर सरकावेत तसे सर्जनपुढून सरकत आणि प्रत्येक सर्जन आपल्या वाट्याचं काम करी. अमेरिकेतही हे लाखोंनी करून घेतलं. तिकडच्या पर्क नावाच्या अभ्यासात दहा वर्षांनी पाहिलं, तर ४३ टक्के डोळ्यांचा नंबर एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्त उलट्या, म्हणजे अधिकच्या दिशेला सरकला होता. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर अडकलेल्या बेक वेदर्स यांच्या डोळ्यांवर हीच शस्त्रक्रिया झाली होती. उंचीवर प्राणवायू कमी पडला, कॉर्निया फुगली, आणि वाट दिसेनाशी झाली. कमकुवत केलेली कॉर्निया वर्षानुवर्षं हलत राहते, हे डॉक्टरांनी त्यातून शिकून घेतलं. आज तपासणीत जाडीबद्दल एवढं काटेकोरपण दिसतं, त्याच्या मागे हे सगळं आहे.

लॅसिक आलं ते पीआरकेच्या दुखण्यावर उपाय म्हणून. १९९० च्या सुमारास क्रीट बेटावरच्या इओआनिस पालिकारिस यांनी एक जुनी कल्पना लेसरला जोडली: स्ट्रोमापर्यंतचा गोल पापुद्रा कापायचा, पण एका बाजूला बिजागरी ठेवायची. पापुद्रा उलटायचा, खाली लेसर चालवायचा, पापुद्रा परत जागेवर बसवायचा. वरची त्वचा शाबूत, म्हणून दुखणं जवळजवळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळातले काटे दिसतात. या दुसऱ्या दिवसाच्या सकाळीने लॅसिकला जग जिंकून दिलं.

पापुद्रा आधी धातूच्या पात्याने कापत. ब्लेडलेस म्हणतात त्यात हे काम फेम्टोसेकंद लेसर करतो. त्याचा जन्म एका अपघातातून झाला. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात डेटाओ डू या विद्यार्थ्याच्या डोळ्यात प्रयोगशाळेतल्या लेसरचा किरण गेला. तपासणाऱ्या रॉन कर्ट्झ या डॉक्टरला पडद्यावरची जखम इतकी नेमकी, इतकी स्वच्छ दिसली, की त्याने हा कुठला लेसर म्हणून चौकशी केली. त्यातून कॉर्नियाच्या आत, पृष्ठभागाला न फाडता, सूक्ष्म बुडबुड्यांच्या रांगेने काप देणारं यंत्र उभं राहिलं. हे लेसर ज्या तंत्रावर चालतात, त्यासाठी जेरार्ड मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

आणि कॉन्टुरा? भाचीला वाटत होतं ते लॅसिकपेक्षा वेगळं काहीतरी आहे. ते लॅसिकच आहे. पापुद्रा तोच, एक्सायमर लेसर तोच. फरक एवढा की कॉर्नियाच्या चढउतारांचा नकाशा काढून लेसरला त्याप्रमाणे चालवतात. ज्याचा पृष्ठभाग जरा ओबडधोबड आहे, सिलिंड्रिकल नंबर आहे, त्याला याचा उपयोग होऊ शकतो. ज्याची कॉर्निया मुळात छान गोलाईची आहे त्याने त्यासाठी किती जास्त मोजावं, हे विचारायला हरकत नाही. हॉस्पिटलातल्या काउन्सेलरच्या खोलीत मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण तिथे समोर बसलेली व्यक्ती आधीच आरशात स्वतःला बिनचष्म्याचं पाहत असते.

लॅसिकचा पापुद्रा कडेला भरून येतो, पण आत तो पूर्वीसारखा एकजीव होत नाही. म्हणूनच नंबर पुन्हा थोडा उरला, तर बऱ्याच काळानंतरही तो उचलून दुरुस्ती करता येते. हा फायदा. तोटाही त्यातच आहे: डोळ्यावर जोराचा फटका बसला तर पापुद्रा सरकू शकतो, आणि शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी असं झाल्याच्या नोंदी आहेत. दुसरा तोटा कोरडेपणाचा. कॉर्नियाला संवेदना देणारे तंतू कडेकडून आत येतात. कडेकडेने सुमारे वीस मिलिमीटर लांबीचा गोल काप दिला की बिजागरीच्या बाजूचे सोडून बाकीचे तुटतात. डोळा कोरडा आहे हे डोळ्याला कळेनासं होतं, पापणी कमी मिटते, अश्रू कमी येतात. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात सुधारतं. हिंजवडीत दिवसाचे दहा तास स्क्रीनपुढे, एसीच्या झोतात बसणारीसाठी ते वर्ष लहान नाही.

स्माइलमध्ये पापुद्राच नाही. जर्मनीतले वॉल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लूम यांनी ही पद्धत घडवली. फेम्टोसेकंद लेसर कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराची पातळ चकती कोरतो, डॉक्टर दोन ते चार मिलिमीटरच्या एका लहान कापातून ती सोडवून बाहेर ओढून काढतात. एफडीएने याला २०१६ साली मान्यता दिली, पण भारतात त्याच्या कितीतरी आधीपासून हे होत होतं. बडोद्याच्या डॉ. रूपल शाह यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या पद्धतीवरच्या सुरुवातीच्या शोधनिबंधांत मोडतात. तंतू कमी तुटतात, म्हणून कोरडेपणा लॅसिकपेक्षा कमी. पापुद्रा नाही, म्हणून सरकण्याची भीती नाही. कॉर्नियाचे वरचे धागे खालच्यापेक्षा मजबूत असतात आणि स्माइलमध्ये ते जवळजवळ तसेच राहतात, हा समर्थकांचा मुद्दा वजनदार आहे.

पण स्माइलचंही वेगळं ओझं आहे. चकती फार पातळ असली तर ती न फाटता सोडवणं अवघड जातं, म्हणून तिच्या तळाशी थोडी जास्तीची जाडी मुद्दाम धरतात. लहान नंबराला ही जास्तीची जाडी टक्केवारीत बोचते. डोळा यंत्राच्या काचेला हवेच्या ओढीने चिकटवलेला असतो. रुग्णाने त्या अर्ध्या मिनिटात मान हलवली की पकड सुटते. स्माइल प्रोच्या नव्या यंत्रात हा वेळ दहा सेकंदांच्या आत आला, तो मोठा दिलासा आहे, आणि ‘प्रो’चे पैसे मुख्यतः त्याचे आहेत. आणि नंबर उरला तर? उचलायला पापुद्रा नसल्यामुळे दुरुस्ती बहुतेक वेळा पीआरकेने करतात. म्हणजे कार्डाच्या तळाच्या ओळीवरून परत पहिल्या ओळीवर.

भाचीचे रिपोर्ट आले. कॉर्निया ५०५ मायक्रॉन. नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीन, गेली दोन वर्षं न हललेला. वय तेवीस. टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाचा रंगीत नकाशा, निर्दोष.

या नकाशाविषयी थोडं. आपल्याकडे केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होत जाऊन शंकूसारखी पुढे येण्याचा आजार, पाश्चात्त्य पुस्तकांत लिहितात त्यापेक्षा बराच जास्त दिसतो. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरच्या लोकांची तपासणी झाली, त्यात ते प्रमाण २.३ टक्के निघालं. अमेरिकेतला एक जुना, पुन्हा पुन्हा सांगितला जाणारा आकडा दोन हजारांत एक असा आहे. दोन्हीकडचे निकष वेगळे आहेत, नागपूरच्या अभ्यासाने केवळ वक्रता ४८ डायॉप्टरच्या पुढे आहे का हे पाहिलं, त्यामुळे सरळ भागाकार करता येणार नाही. तरी फरक डोळ्यात भरतो. हा आजार सुप्त असताना लेसर केला तर कॉर्निया उघडपणे पुढे येऊ लागते, आणि मग चष्मासुद्धा पुरत नाही. ॲलर्जीने सतत डोळे चोळणाऱ्यांनी हा नकाशा दोनदा काढून घ्यावा असं माझं मत आहे. ज्या दुकानात, हो मी दुकानच म्हणते, हा नकाशा न काढताच तारीख देतात, तिथून उठून यावं.

भाचीच्या डॉक्टरीणबाई मला आवडल्या. त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं आणि विचारलं, “खेळतेस का काही?” भाची कंपनीच्या संघातून कबड्डी खेळते, कॉलेजात विद्यापीठाच्या संघात होती. चढाईत समोरच्याचं कोपर, गुडघा, डोकं, काहीही तोंडावर येतं. तिथे लॅसिक आणि त्यासोबत कॉन्टुरा दोन्ही बाद झाले. जाडीच्या हिशेबाने लॅसिक बसत होतं: ११० चा पापुद्रा आणि ४९ चं काम वजा जाता खाली ३४६ मायक्रॉन उरत होते, आणि किमान २५० तरी राहिलेच पाहिजेत असा जुना दंडक आहे, आता बरेच जण ३०० म्हणतात. हिशेब बसूनही ती पद्धत तिची नव्हती. उरलं स्माइल आणि पीआरके. डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही चालतील. स्माइल केलं तर दोन दिवसांत कामावर. पीआरके केलं तर मागे ४५६ मायक्रॉनची अखंड कॉर्निया, कुठेही आत काप नाही, आणि पहिले काही दिवस हाल.

“काउन्सेलर म्हणाली पीआरके आता कोणी करत नाही,” भाची म्हणाली.

“माझ्या मुलाचं मी तेच केलं,” डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

भाचीने पीआरके घेतलं. कार्डावरची पहिली, सगळ्यांत स्वस्त ओळ. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा, मिरजेहून फोन आला: पैसे कमी पडतायत का, स्पष्ट सांगा, मी पाठवते. स्वस्त औषध लागू पडेल यावर आमच्या ताईचा विश्वास नाही.

प्रत्यक्ष लेसरचा वेळ सांगण्यासारखा नाही, इतका थोडा. पुढचे दिवस मात्र ती माझ्याकडे होती आणि ते दिवस सोपे नव्हते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखण्याचा कळस असतो. पडदे ओढलेले, डोळ्यांतून पाणी, फोनकडे बघायचं नाही. दर दोन-तीन तासांनी ड्रॉप्स, आणि प्रत्येक बाटलीच्या मध्ये दहा मिनिटांचं अंतर. मी तिला कांदे न चिरता स्वयंपाक करून घातला. त्वचा भरून आल्यावर पट्टीची लेन्स काढली, तेव्हा तिला वाटलं आता सगळं लख्ख दिसेल. दिसलं ते धुरकट. पीआरकेची नजर आठवडे घेऊन स्थिरावते, कधी दोन-तीन महिने. उन्हात काळा चष्मा महिनोन्‌महिने, कारण अतिनील प्रकाशाने कॉर्नियावर धूसर डाग येऊ शकतो. नंबर मोठा असेल तर हा डाग टाळायला मायटोमायसिन नावाचं औषधही लावतात. स्टेरॉइडचे ड्रॉप्स हळूहळू कमी करायचे आणि मधून डोळ्याचा दाब मोजायचा. “स्माइल घेतलं असतं तर एव्हाना मी ऑफिसात असते,” हे तिने ऐकवलं. खरंच होतं ते. मी वाद घातला नाही.

कुठलीही पद्धत घेतली तरी काही गोष्टी सारख्याच, आणि त्या कार्डावर नसतात. रात्री दिव्यांभोवती वलयं, समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशाला फुटलेले काटे. एफडीएच्या पुढाकाराने झालेल्या प्राउल नावाच्या अभ्यासात लॅसिकनंतर तीन महिन्यांनी लोकांना थेट विचारलं गेलं. आधी असा काही त्रास नसलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी एक तरी नवी तक्रार सांगितली. त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर खूश होते, आणि त्या तक्रारींमुळे रोजची कामं फार अवघड झाली असं सांगणारे एक टक्क्यापेक्षा कमी. वलयं दिसत असूनही माणूस खूश असतो, हे मला सहज समजतं. सकाळी उठल्यावर उशीखाली चष्मा चाचपडणाऱ्यालाच ते समजेल. पण त्या एक टक्क्यात आपण असू तर टक्केवारीचा काही उपयोग नाही, आणि सही करताना हे कुणी आवाज चढवून सांगत नाही.

लेसरने डोळा लहान होत नाही, हेही. मोठ्या उणे नंबराचा डोळा मागेपुढे लांब असतो, आतला पडदा ताणलेला असतो. कॉर्निया सपाट केल्याने तो ताण जात नाही. चष्मा गेला म्हणून पडद्याची तपासणी सोडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. विम्याचंही एक आहे: साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या नेहमीच्या अपवादांत मोडतो, त्यामुळे भाचीला एक रुपया मिळाला नाही. आणि ज्यांना रेल्वेत किंवा सैन्यदलात जायचं आहे त्यांनी आधी भरतीच्या जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचावेत, मग डॉक्टरकडे जावं. काही पदांना लेसर चालतो, काहींना अटी आहेत, काहींना मुळीच चालत नाही. कुठल्या अकादमीतल्या दादाने काय सांगितलं यावर जाऊ नये.

लोक मला विचारतात, मग तू का नाही केलंस? अठ्ठाविसाव्या वर्षी गेले होते. कॉर्निया ४७८ मायक्रॉन, नंबर साडेआठ. तेव्हाच्या पात्याचा पापुद्रा १६० चा, काढायचे १२०, खाली उरणार १९८. डॉक्टरांनी माझ्यासमोर कागदावर वजाबाकी केली आणि पेन खाली ठेवलं. लग्नाच्या बाजारात तेव्हा चष्म्याचं भलतंच कौतुक होतं, त्यामुळे घरी दुःख झालं. मला त्या वजाबाकीने बरं वाटलं, कारण निदान कुणीतरी आकड्यांत बोललं. आज माझ्यासारख्यांसाठी आयसीएल आहे, बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे एक मऊ भिंग बसवतात, कॉर्नियाला हात लावत नाहीत, नको झालं तर काढताही येतं. त्याचे वेगळे धोके आहेत, दाब वाढण्याचे, मोतीबिंदू लवकर येण्याचे. मी त्याचाही विचार केला होता. पण आता मी सेहेचाळीसची आहे आणि मला चाळिशी लागली आहे. या वयात जवळचं बघताना माझ्या मैत्रिणी हात लांब करतात, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला मला बोलावतात. मी चष्मा काढते आणि नाकाशी धरून वाचते. मोठा उणे नंबर एवढंच एक देतो, आणि ते मी आता घालवणार नाही. भाचीला वाचायचा चष्मा पंचेचाळिशीत भेटेल. तिला मी ते आधीच सांगितलं, ती हसली. तेविसाव्या वर्षी तेच योग्य आहे.

आणखी एक गोष्ट ताईने विचारली, जी मला सुचली नव्हती. आमच्या आईचं नेत्रदान झालं होतं. आता हिचे डोळे कुणाला उपयोगी पडणार की नाही? पडतील. लेसर झालेली कॉर्निया पूर्ण जाडीच्या रोपणाला घेत नाहीत, पण तिच्या सगळ्यात आतल्या पेशींचा थर शाबूत असतो, आणि आता बरीच रोपणं फक्त त्या थराचीच होतात. तेव्हा अर्ज भरायला हरकत नाही, असं मी ताईला सांगितलं. तेवीस वर्षांच्या मुलीबद्दल सकाळी सकाळी हे बोलणं चाललंय म्हणून भाची चिडली.

तिची नजर आता उत्तम आहे. डाव्या डोळ्याला पाव नंबर उरला आहे, त्याची ती वाच्यता करत नाही. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला शस्त्रक्रियेआधीचे सगळे रिपोर्ट छापून दिले आणि आयुष्यभर जपून ठेवायला सांगितले. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचं गणित कॉर्नियाच्या मूळ वक्रतेशी जोडलेलं असतं, आणि ती तर आता मूळची राहिली नाही. शिवाय पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो, म्हणजे काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. तेव्हाही आधीची जाडी काय होती हे विचारतील. भाची म्हणाली, पीडीएफ आहे ना, क्लाउडवर टाकते. तीस-पस्तीस वर्षांनी कुठला क्लाउड आणि कुठला पासवर्ड. मी कागदाच्या दोन प्रती काढल्या, एक माझ्या कपाटात ठेवली आणि दुसरी मिरजेला ताईकडे पाठवली. आमच्या घरात कागद फक्त तिच्याकडेच सापडतात.